सांगलीला निघालो आणि उसात अडकलो

मॉरिशसला थांबलो होतो असं नुसतं म्हणायचा अवकाश, समोरचा डोळे मिचकावून विचारतो, काय, हनिमून का? अरे बाबा, माझं लग्नच झालेलं नाही. आणि माझ्याबरोबर होते कराडकडचे सत्तरीतले काका आणि काकू, जे मला एअरपोर्टवरच भेटले. आम्ही तिथं फिरायला गेलोच नव्हतो, विमान बिघडलं म्हणून अडकलो, आणि फोटो मागणाऱ्यांना मी जे फोटो पाठवतो ते बघून लोक म्हणतात, हे काय, ऊस? समुद्र कुठाय?

थोडं मागचं सांगतो. मी साखर कारखान्यात प्रोसेसला आहे, म्हणजे रसाची साखर करतात त्या खात्यात. सुरुवात आपल्याच सांगली जिल्ह्यात झाली आणि आता इस्वातिनीत आहे, म्हणजे पूर्वीचं स्वाझीलँड, साऊथ आफ्रिकेला चिकटून असलेला छोटा देश. आमच्या लाईनीतली आपल्याकडची बरीच पोरं अशी आफ्रिकेत पसरलीत, कोण युगांडात, कोण केनियात. ऑगस्टमध्ये तिथं हंगाम जोरात असतो, रजा मागायची सोय नसते, पण बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत ठरलं गुरुवारी, आणि आई फोनवर "तू नाही आलास तरी चालेल हां" असं म्हणाली. हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना माहितीय, याचा अर्थ पहिलं मिळेल ते विमान पकड. तर जोहान्सबर्गहून मॉरिशस, तिथं दोन-तीन तास थांबायचं, मग मुंबई, मग रात्रीची ट्रॅव्हल्स. सोपं होतं.

मॉरिशसला उतरलो रविवारी संध्याकाळी. मुंबईच्या विमानाची वेळ आधी तासाने पुढे गेली, मग अजून दोन तासांनी, मग काउंटरवरच्या बाईने शांतपणे सांगितलं की टेक्निकल प्रॉब्लेम आहे, पार्ट येतोय, आता मंगळवारी रात्री. एअरलाईनचं नाव घेत नाही, हॉटेल दिलं, जेवण दिलं, अजून काय पाहिजे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त गुरुवार. आणि घरच्या ग्रुपवर वेगळाच जागर चाललेला, कोयनेचे दरवाजे उचललेत, आयर्विन पुलाजवळ पाणी वाढतंय, कोण म्हणतंय चाळीस फुटांवर जाणार. सांगलीकराला ऑगस्टमध्ये चाळीस म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका हे आकडे झोपेतही पाठ असतात, २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलेलं पाणी ज्याने बघितलंय त्याला तर विचारूच नका. म्हणजे मी समुद्रात एका बेटावर कोरडा बसलोय आणि घरचे पाण्याची काळजी करतायत.

लाईनीत माझ्यामागून आवाज आला, "आरं द्येवा, आता ह्यो काय वनवास." मी वळूनच बघितलं. पांढरा शर्ट, वर स्वेटर, बाजूला नऊवारीवर कार्डिगन घातलेल्या काकू. मी म्हटलं, काका कुठले? "कराडजवळचं. तू कुठला रं?" झालं. मुलगा जोहान्सबर्गला नोकरीला आहे, त्याच्याकडं राहून परत निघालेले. आणि काका निघाले साखर कारखान्याच्या शेती खात्यातले, चिटबॉय म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणारा म्हणून लागलेले आणि शेती अधिकारी होऊन रिटायर झालेले. त्यांनी मला विचारलं "किती टीसीडीचा प्लॅन्ट?", म्हणजे दिवसाला किती टन ऊस गाळतो, आणि मी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "आता ह्यांचं तोंड मंगळवारपर्यंत बंद हुत न्हाई बघ."

व्हिसाची भीती होती ती फुकट गेली. भारतीय पासपोर्टला तिथं टुरिस्ट म्हणून उतरल्यावर शिक्का मारून देतात, पैसे नाहीत. पैसे बदलून घेतले तर नोटेवर हिंदीत रुपये लिहिलेलं, वर तमिळही. काकांनी ती नोट दोन्ही बाजूंनी बघितली आणि खिशात ठेवताना म्हणाले, "चला, रुपयाचाच मुलूख हाय म्हणायचा."

हॉटेल माएबूर नावाच्या गावाजवळ होतं, एअरपोर्टपासून जवळच. सकाळी उठून खिडकी उघडली आणि खरं सांगतो, पोस्टरवरचा निळा समुद्र वगैरे काही नाही. ऑगस्ट म्हणजे त्यांचा हिवाळा, आग्नेयेकडून वारा सुटलेला, मधूनच भुरभुर पाऊस. समोर खाडी, पलीकडे सिंहासारखा बसलेला डोंगर, त्याला नावही लायन माउंटनच आहे. याच खाडीत १८१० च्या ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला धुतलं, पॅरिसच्या त्या मोठ्या कमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे, आणि तेवढं करूनही डिसेंबरात बेट इंग्रजांनीच घेतलं. काकांना यात काही रस नव्हता. ते हॉटेलच्या मागच्या बाजूला उभे होते, कारण मागे कंपाउंडला लागून ऊस होता.

"ह्यो लागणीचा न्हवं," ते म्हणाले. "खोडवा हाय. आन तुरा बघ कसा आलाय, वजन घटणार."

लागण म्हणजे नव्याने लावलेला ऊस, आणि खोडवा म्हणजे तोडल्यावर त्याच खोडातून पुन्हा फुटलेला. आणि मग जे दिसायला लागलं ते दिसतच राहिलं. लोक या बेटाला बीच म्हणून ओळखतात पण आत बघाल तर ऊसच ऊस. डचांनी १६३९ च्या सुमारास जावाहून ऊस आणून इथं लावला (आणि त्यांच्याच काळात तो बिचारा डोडो पक्षी संपला), फ्रेंचांनी कारखाने काढले, इंग्रजांनी तर बेटाचं गुऱ्हाळच केलं. सगळं बेट साधारण १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याचा पाचवा हिस्सा धरा. एकोणिसाव्या शतकात एवढ्याशा जागेत दोनशेच्या वर कारखाने होते, छोटे छोटे, आता फक्त तीन उरलेत. १९७३ ला सात लाख टनांच्या वर साखर काढलेली, आता त्याच्या निम्मीसुद्धा होत नाही. युरोप त्यांची साखर ठरलेल्या चांगल्या भावाने घ्यायचा, तो करार २००९ ला संपला आणि त्याच्या आधीच भाव छत्तीस टक्क्यांनी उतरवलेला. आपल्याकडं एफआरपीवरून, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरावरून, दरवर्षी रस्ता अडवतात, तिथं अडवायला समोर रस्ताच नव्हता, गिऱ्हाईक युरोपात. मग त्यांनी काय केलं तर बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या चोयट्यावर, वीज काढून विकायला लागले आणि पांढऱ्या साखरेबरोबर डेमेरारा, मस्कोव्हाडो असल्या तपकिरी स्पेशल साखरा काढून जास्त भावाने विकायला लागले. मस्कोव्हाडो म्हणजे काय तर मळी न काढलेली ओलसर साखर, आपल्याकडं गुऱ्हाळावर काकवीत चिकटलेला जो रवा हाताने खातो तसली. तिला परदेशात काय भाव आहे ते बघून एक साखरवाला म्हणून माझा जीव जळतो.

सोमवारी माएबूरचा आठवडी बाजार असतो. भाजी, कपडे, मिरच्या, मसाले, मेथीचे दाणे, कारली, दोडका, आणि विकणारे सगळे दिसायला आपले, बोलायला क्रिओल. क्रिओल म्हणजे फ्रेंचचीच घरगुती केलेली भाषा, "की मान्येर?" म्हणजे कसं काय. काकूंनी एका बाईला सरळ मराठीतच विचारलं, कोथिंबीर कशी दिली, आणि त्या बाईनं हातावर नाणी ठेवून सांगितलं, व्यवहार झालासुद्धा. तिथंच एका गाडीवर दाल पुरी खाल्ली. पातळ, मऊ, आत शिजवलेल्या डाळीची कोरडी भुकटी, दोन-दोनच्या जोडीने कागदात गुंडाळून देतात, वर मोठ्या पावट्याची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा जो आपल्या ठेच्याला आव्हान देऊ शकतो. काकूंचा निकाल: "पुरणपोळीच हाय, गूळ घालायचा ऱ्हायलाय." पण त्यांनी तीन खाल्ल्या हेही लिहून ठेवतो.

मग मी म्हटलं पोर्ट लुईला जाऊ, राजधानी, बसने तास-सव्वा तास. बस अशोक लेलँडची. काका चढतानाच खूश. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग, काही ठिकाणी तर नीट रचून पायऱ्या-पायऱ्यांचे पिरॅमिड. मला वाटलं कसलंतरी स्मारक असेल. शेजारच्या सीटवर एक मास्तरीण होती, तिने हिंदीत सांगितलं की हे शेतातले दगड आहेत. बेट ज्वालामुखीचं, बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड, आणि जमीन उसाखाली आणायची तर दगड वेचून बाजूला लावायला पाहिजेत. ते वेचले कुणी, तर आधी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी, आणि १८३५ ला तिथली गुलामगिरी बंद झाली त्या सुमारापासून भारतातून आणलेल्या मजुरांनी. काका त्यानंतर बराच वेळ खिडकीतून ढीग मोजत होते, बोलले नाहीत, जे त्यांच्या बाबतीत विशेष आहे.

पोर्ट लुईला बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. आत जायला पैसे नाहीत. बाहेर हायवेवर गाड्या धडाधड चालल्यात आणि आत दगडी पडक्या खोल्या, जुना दवाखाना, स्वयंपाकाची जागा, आणि सोळा पायऱ्या. बोटीतून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून वर यायचा, एक-दोन दिवस इथं ठेवायचे, नाव-नंबर लिहायचे आणि मग मळ्यावर रवाना. पहिली बोट २ नोव्हेंबर १८३४ ला छत्तीस माणसं घेऊन आली आणि पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बिहारकडचे सगळ्यात जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून आपले मराठी, रत्नागिरी-सावंतवाडीचे जास्त पण सातारा-कोल्हापूरकडचेही. २००६ ला युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली.

तिथं म्युझियममध्ये कराराच्या अटी लिहिल्यात. पाच वर्षांची बांधीलकी, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. आणि एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा.

काकांनी मला ते वाचून मराठीत सांगायला लावलं. मग म्हणाले, "खाडा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडं ऊसतोडीला बीडकडून, जतकडून टोळ्या येतात, मुकादम नवरा-बायकोची जोडी ठरवतो, तिला एक कोयता म्हणतात, हंगामाआधी उचल देतो, आणि एक दिवस आजारी पडून पालात पडून राहिलं की खाडा धरून पैसे कापतो. कारखान्याच्या काट्यावर गाडी आली की आम्हाला आत फक्त टन दिसतात. मी प्रोसेसचा माणूस, मला रस दिसतो, ब्रिक्स म्हणजे रसाचा गोडवा दिसतो, उतारा म्हणजे उसातून किती साखर निघाली ते दिसतं. काकांनी आयुष्यभर टोळ्या बघितल्या, टोळी पळाली म्हणून रात्री-अपरात्री मुकादमाला शोधत हिंडले. त्यांनी तिथं बाकावर बसून दोन-तीन जोड्यांच्या गोष्टी सांगितल्या, त्या इथं लिहीत नाही, त्यांच्या आहेत. एवढंच सांगतो की बाकी टुरिस्ट तिथून वीस मिनिटांत निघत होते आणि आम्हाला शेवटी गार्डने वेळ संपली म्हणून उठवलं.

एक गंमत मला नंतर कळली. गांधीजी पण असेच इथं थांबलेले! १९०१ ला दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना त्यांची नौशेरा नावाची बोट मॉरिशसला लागली आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरात जवळजवळ तीन आठवडे मुक्काम पडला. म्हणजे रूट आमचाच, फक्त पार्ट यायला जास्त वेळ लागला असं समजा. त्यांनी तो वेळ बघा कसा वापरला, इथल्या भारतीयांना सांगितलं, पोरांना शिकवा आणि राजकारणात पडा. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर नावाचे बॅरिस्टर त्यांच्या सांगण्यावरून इथं आले, मजुरांच्या केसेस लढले. आणि १९६८ ला देश स्वतंत्र झाला तो बारा मार्चला, दांडीयात्रा निघाली ती तारीख. मी माझ्या मुक्कामात दाल पुरी खाल्ली आणि ग्रुपवर आयर्विनचं पाणी बघितलं, जमेल तेवढं.

पाणी सोमवारी रात्री अडतीसवर थांबलं. आईचा मेसेज आला, "उतरतंय. डॉक्टर म्हणाले गुरुवार फिक्स." मग मी पहिल्यांदा नीट झोपलो.

मंगळवारी सकाळी ब्लू बे. इथं सगळे जे बघायला येतात ते. वारा पडला होता, ऊन आलं, आणि पाणी खरंच तसलं असतं हो, फोटोत रंग चढवत नाहीत. काचेच्या तळाची बोट असते, खाली प्रवाळ, पिवळे-काळे मासे. काकूंनी पदर डोक्यावरून घट्ट घेऊन पूर्ण वेळ खाली बघितलं आणि एकदाही "बाई गं"च्या पलीकडे काही बोलल्या नाहीत. काका उलटीच्या भीतीने काठावर थांबले. छान आहे, जाऊन बघा, याहून जास्त मला समुद्राचं वर्णन जमत नाही.

त्या दिवशीचा टॅक्सीवाला मात्र सांगितलाच पाहिजे. चाळिशीचा असेल, रेडिओवर सेगा, म्हणजे तिथलं लोकसंगीत, लावलेला, बोलणं क्रिओल आणि टीव्हीवरून शिकलेलं हिंदी. आम्ही मागे मराठीत बोलतोय हे ऐकून त्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, आप मराठी? मैं भी मराठी. आडनाव विचारलं तर सांगितलं ते त्याच्या खापरपणजोबांचं पहिलं नाव होतं, तिथं बऱ्याच घरांत असंच झालंय, आप्रवासी घाटावर कारकुनाने मजुराचं जे नाव जसं ऐकलं तसं लिहिलं आणि तेच पुढे आडनाव म्हणून चिकटलं. मराठी येतं का, तर शाळेत थोडं शिकलेला, तिथं प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता येतो, आता फारसं बोलता येत नाही. पण आरती येते म्हणाला. आणि स्टिअरिंगवर ताल धरून त्याने गणपतीची आरती अख्खी म्हटली, शब्द आपलेच, चाल जराशी वेगळी, काकू मागून टाळ्या वाजवत सूर धरून. सज्जनगडावरच्या रामदासांची आरती हिंदी महासागरातल्या टॅक्सीत, साताऱ्याच्या बाईला साथीला घेऊन.

त्यांच्याकडं गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पहिला गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटा नावाच्या गावात भिवाजी म्हणून एका घराने बसवला असं मानतात, म्हणजे पुण्यात टिळकांनी सार्वजनिक उत्सवाचा धडाका लावला त्याच दशकात. टॅक्सीवाल्याच्या गावात गणपतीत अजून झाकरी नाचतात, आपल्या कोकणातल्या जाखडीची बहीण. एप्रिल २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळाही बसला, तो दाखवायला न्यायचा त्याचा आग्रह होता पण वेळ नव्हता. काकूंनी विचारलं, "बाबा, तुमचं मूळ गाव कंचं?" त्याला माहीत नव्हतं. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये सगळी रजिस्टरं ठेवलीत, नंबर, बापाचं नाव, जिल्हा, गाव, अंगावरच्या खुणा, तिथून काढता येतं, पण त्याने कधी काढलं नाही. "जाऊंगा एक दिन." काका म्हणाले, "सातारा जिल्हा निघाला तर भावकीत येशील, जमिनीत हिस्सा मागू नगंस फकस्त." मी हिंदीत भाषांतर केल्यावर तो एवढा हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

गाडी थांबली ती बरोबर एका उसाच्या फडाशेजारी. काका उतरले. वाकून खोडं बघितली, पाचट उचकटून बघितलं, आणि टॅक्सीवाल्याला हातवारे करून विचारलं, हा खोडवा कितवा? त्याचं थोडं रान होतंच, तिथं बऱ्याच लोकांचं असतं. तो म्हणाला सातवा असेल, आठवा असेल.

काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. आपल्याकडं एक खोडवा, फार तर दुसरा, की नांगर घातलाच. इथं एकदा लागण केली की सात-आठ वर्षं त्याच खोडांवरचा ऊस तोडत राहतात. पाचट जाळत नाहीत, सरीतच पसरतात. पाऊस बरा, पाणी पाटाने सोडून जमीन चिबड करायची सवय नाही. टनेज आपल्यापेक्षा कमी पडत असणार, पण लागणीचा खर्चच नाही. काकांनी तिथंच उभं राहून बेणं, नांगरट, सरी, मजुरी असा एकरी हिशोब मांडला आणि मग हळूच एक कांडी मोडून पिशवीत घालायला लागले. मी म्हटलं, काका, हे चालत नाही, रोग येतात, म्हणून बेणं क्वारंटाईनमधून आणायला लागतं, मुंबईत कस्टमवाल्यांनी धरलं तर माझं ऑपरेशन राहील. "तुझं कुठं, तुझ्या बापाचं हाय." पण ठेवली त्यांनी खाली. चावून खाल्ली आधी अर्धी. "ब्रिक्स एकोणीस," म्हणाले. माझ्याकडं मीटर नव्हता म्हणून वाद घालता आला नाही.

रात्री विमान वेळेवर सुटलं, पहाटे मुंबई, घड्याळ दीड तास पुढे. कराडला हायवेवर ते दोघं उतरले, काकूंनी माझ्या हातात कसावाच्या बिस्किटांचा पुडा कोंबला, माएबूरला १८७० पासूनची फॅक्टरी आहे तिथला, "बाबांना दे, साबुदाण्याचंच असतंय म्हणं." गुरुवारी ऑपरेशन झालं, गुडघा उत्तम आहे, बाबा आता चालताना माझ्यापेक्षा जास्त तक्रार करत नाहीत.

काकांचा फोन परवा आला होता. घरी भांडण चाललंय. त्यांनी दुसरा खोडवा मोडायला नकार दिलाय, पाचट सरीत ठेवलंय, तिसरा धरणार म्हणून हटून बसलेत, आणि गावाकडचा धाकटा मुलगा म्हणतोय की पप्पा परदेशात जाऊन आले आणि डोक्यावर परिणाम झाला. मला मध्यस्थी करायला सांगत होते. मी म्हटलं काका, मी प्रोसेसचा माणूस, मला ऊस गव्हाणीत पडल्यानंतरचं विचारा. तर म्हणाले, "मग तुला काट्याची पावतीच पाठवतो हंगामात."